आर्टिचोकच्या पानात काय आहे?

युरोपात आर्टिचोकची मिटलेली कळी भाजी म्हणून खातात. औषधाला लागतात ती त्याची लांब, दातेरी, कडूजार पानं. त्यांतलं सायनारिन पित्ताचा स्राव वाढवतं. ल्युटिओलिन हे द्रव्य यकृताच्या पेशींत कोलेस्टेरॉल तयार होण्याला आळा घालतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

माणसांवर काय घडलं? जर्मनीतल्या एका चाचणीचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. त्यात एकूण कोलेस्टेरॉल २८०च्या वर असलेले १४३ रुग्ण होते. काहींना सहा आठवडे रोज १८०० मिलिग्रॅम सुका अर्क दिला, बाकीच्यांना औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी. अर्कवाल्यांचं कोलेस्टेरॉल १८.५ टक्क्यांनी उतरलं. पण नुसती गोळी घेणाऱ्यांचंही ८.६ टक्क्यांनी उतरलं! म्हणजे अर्काच्या पदरात टाकायचा तो या दोहोंतला फरक, अख्खे साडेअठरा टक्के नव्हेत.

आपल्या फोडणीतल्या कढीपत्त्यातही महानिंबीन नावाचं असंच एक द्रव्य आहे. त्याने उंदरांचं कोलेस्टेरॉल घटलं. माणसांवरचा पुरावा अजून तोकडाच.

पित्ताशयात खडे असतील तर आर्टिचोकचा अर्क टाळावा. आणि चालू असलेली, कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी डॉक्टरांना न विचारता पानांच्या भरवशावर मुळीच बंद करू नये.