समलिंगी नायक, बातमी आणि काही गैरसमज

समलिंगी असणे हे मुंबईचे, फार तर पुण्याचे खूळ आहे, असा समज शहापूर-मुरबाडसारख्या ग्रामीण तालुक्यांत सहज ऐकू येतो. वस्तुस्थिती अशी की माणसाला कोणाविषयी ओढ वाटते हे गावावर ठरत नाही. आसनगावला मुंबईची लोकल पकडली म्हणून ते बदलत नाही. बदलते ती सांगण्याची मुभा. वाडीवर प्रत्येक घर प्रत्येकाला ओळखते, शहरात शेजारीही अनोळखी असतो. त्यामुळे या विषयावरचे उघड काम शहरांत सुरू झाले. मुंबईत अशोक राव कवी यांनी 1990 साली ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले, 1994 मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला, तर पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला. संस्था शहरात आहेत म्हणून माणसेही शहरातच आहेत, हा निष्कर्ष चुकीचा आहे. समलिंगी नाते जाहीरपणे सांगणारी धावपटू द्युती चंद ओडिशातल्या चाका गोपालपूर या खेड्यातल्या विणकर कुटुंबात जन्मली. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दोन रौप्यपदके जिंकणाऱ्या या मुलीने 2019 मध्ये ते सांगितले, तेव्हा विरोध तिच्या घरातूनच झाला.

समलिंगी म्हणजे तृतीयपंथी, ही दुसरी गल्लत. आपण स्त्री की पुरुष की आणखी कोणी, ही स्वतःची ओळख एक. कोणाविषयी आकर्षण वाटते ही बाब वेगळी. ‘बायल्या’ म्हणून ज्याला चिडवले जाते तो समलिंगी असेलच असे नाही, आणि समलिंगी पुरुष चारचौघांसारखाच दिसतो.

हा आजार आहे, भगताने उतरवले किंवा लग्न लावून दिले की सुटतो, हा समज सर्वांत महागात पडणारा. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये कल बदलण्याचे तथाकथित उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. अशा लग्नात नुकसान एकाचे नसते. फसवणुकीचा भार त्या घरात आलेल्या मुलीवरही पडतो, आणि तिचा विचार क्वचितच होतो.

प्रसारमाध्यमांबाबतचा गैरसमज थोडा अवघड आहे, कारण तो सद्भावनेतूनही येतो. समलिंगी व्यक्तीने पराक्रम केला तर तिचा कल छापावा, म्हणजे समाजाचे मत सुधारेल, असे काहींना वाटते. 22 सप्टेंबर 1975 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गर्दीतल्या ऑलिव्हर सिपल या माजी सैनिकाने हल्लेखोर बाईचा हात धरला. समलिंगीही शूर असतात हे जगाला कळावे म्हणून समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते हार्वे मिल्क यांनी त्याच्या समलिंगी असण्याची माहिती पत्रकाराला दिली आणि ती छापून आली. सिपलच्या आईवडिलांना तोवर काही ठाऊक नव्हते. त्यांनी त्याच्याशी संबंध तोडले. वृत्तपत्रांवरचा खटलाही तो हरला. हेतू चांगला होता, पण किंमत दुसऱ्याने मोजली.

उलट टोकाचे उदाहरण मराठी माणसाचे आहे. नागपूरचे डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. ते कवीही होते. फेब्रुवारी 2010 मध्ये त्यांचे समलिंगी संबंध चित्रित करायला कॅमेरा घेऊन माणसे त्यांच्या घरात घुसली, आणि विद्यापीठाने कारवाई केली ती सिरसांवर, निलंबनाची. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. आठवडाभरात ते घरात मृतावस्थेत आढळले. मराठीचा हा प्राध्यापक बहुतेकांना कळला तो हिंदीतल्या ‘अलीगढ’ चित्रपटातून, हे मराठी वाचकाला फारसे भूषणावह नाही.

दोन्ही प्रसंगांत संमती नव्हती. गौरवासाठी असो वा बदनामीसाठी, ती घेतल्याशिवाय कल छापणे चूकच. व्यक्तीने स्वतः जाहीर केलेली गोष्ट मात्र लाजेखातर बातमीतून गाळणे, हीदेखील अपुरी बातमीदारी. सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या पुट्टस्वामी निकालात लैंगिक कल हा खासगीपणाच्या हक्काचा गाभा मानला आहे.

कायद्याबाबतही दोन्ही बाजूंनी गोंधळ आहे. समलिंगी संबंध आजही गुन्हा आहेत, असे काही मानतात. काहींना समलिंगी विवाहही मान्य झाला असे वाटते. असे संबंध गुन्हा ठरवणारे कलम 377 इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातले होते. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे खासगी संबंध त्यातून वगळले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम नाही. विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास मात्र न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी नकार दिला.

या गैरसमजांतून येणाऱ्या मानसिक ताणाबद्दल बोलायचे असल्यास ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. तालुक्याच्या गावी जायची गरज पडत नाही.