कॅमेरा कुणाच्या बाजूने?

कापूस वेचण्यात जिचे आयुष्य गेले त्या माझ्या आजीचा एकही फोटो आमच्या घरात नाही. आज चांदूर बाजारच्या माझ्या विद्यार्थ्यांच्या हाती मोबाईल आहे. ते विचारतात, 'सर, स्वतःची शैली कशी येते?'

थोरांच्या छायाप्रकाशाची नक्कल करून ती येत नाही. गॉर्डन पार्क्स या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराने १९४२ साली वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन यांना झाडूसह अमेरिकेच्या ध्वजापुढे उभे केले. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. पुढे कित्येक दिवस तो त्यांच्या घरी आणि चर्चमध्ये जात राहिला. आपल्या अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे (पद्मश्री, २०१६) यांनीही मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे वर्षानुवर्षे काढली.

म्हणून थोरांचे काम पाहताना तीन प्रश्न विचारावेत. छायाचित्रकार कुठे उभा आहे? समोरचा माणूस त्याच्या नजरेला नजर देतो काय? चौकटीबाहेर काय ठेवले आहे? मग आपल्याच वस्तीतील एका माणसाकडे, त्याची संमती घेऊन, महिनाभर जावे. आपली भूमिका ठरली, की शैली तिच्यामागून येते.

आपल्या वस्त्यांकडे आजवर इतरांनी दयेने पाहिले. आता आपण त्या आपल्या नजरेने पाहायच्या आहेत.