पेटी आधी डाव्या हाताला शिकवा

सेवानिवृत्तीचा हार सुकायच्या आत लातूर-नांदेडकडचा माणूस दोन गोष्टी ठरवतो. एक, रोज सकाळी फिरायला जायचं. दुसरी, पेटी शिकायची. फिरणं श्रावणापर्यंत टिकतं. पेटी मात्र बहुतेकदा पहिल्या महिन्यातच कपाटावर जाते, आणि दोष बोटांवर ठेवला जातो. 'आता बोटं वळत नाहीत हो!' मीही अठ्ठावन्नाव्या वर्षी हेच म्हणत होतो. खोड बोटांत नव्हतीच, ती डाव्या हातात होती.

पेटीच्या आत काय चालतं ते आधी बघू. मागचा भाता आपण हाताने हलवतो, तो नुसता हवा ओढून आत ढकलतो. ही हवा तळाशी असलेल्या दुसऱ्या, आतल्या भात्यात साठते. त्याला स्प्रिंगा असतात आणि त्या हवेवर सारखा दाब ठेवतात. आपण पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकाखालचं भोक उघडतं आणि हवा पितळेच्या सुरावर येते. सूर म्हणजे पितळेची बारीक जीभ. तिचं एक टोक पक्कं बसवलेलं, दुसरं मोकळं. हवेने ती थरथरते. लांब जीभ खर्जात बोलते, आखूड जीभ तारसप्तकात. म्हणजे उजवा हात फक्त दारं उघडतो. आवाज येतो तो डाव्या हाताने भरून ठेवलेल्या हवेतून.

मूळ वाद्य युरोपातलं. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँने १८४२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, पण ते पायाने हवा भरायचं वाद्य होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची पेटी घडवली आणि भारतीय बैठकीत तिला जमिनीवर जागा मिळाली. मात्र पाय मोकळे झाले ते डाव्या हाताच्या जिवावर.

नवशिका काय करतो? प्रत्येक सुराला भात्याला एक धक्का देतो. मग प्रत्येक सूर हुंदका दिल्यासारखा येतो. म्हणून पहिला आठवडा उजव्या हाताचं एकच बोट वापरा. एक पट्टी दाबून धरा आणि भाता असा हलवा की आवाज कुठे फुगणार नाही, कुठे खचणार नाही. आतल्या भात्यात हवा आहे, घाई नको, ती संपत आली की भरायची. मनात सावकाश वीस मोजेपर्यंत सूर सरळ राहिला की पुढे चला. मला यालाच नऊ दिवस लागले. घरातले कंटाळले, पण दहाव्या दिवशी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज बरं वाटतंय हो!"

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात जाऊन बसा. कीर्तनाला पेटी असतेच, तिकडे तिला वाजा म्हणतात. सगळे उजव्या हाताकडे बघतात. तुम्ही अर्धा तास डावा हात बघा, तो किती कमी हलतो ते.

आता उजवा हात. पट्ट्यांची मोजणी आपल्याकडे सोपी आहे: एका सप्तकात पांढऱ्या सात, काळ्या पाच. 'काळी एक' म्हणजे दोन काळ्यांच्या जोडीतली पहिली, 'काळी तीन' म्हणजे तिघींच्या घोळक्यातली पहिली. पहिल्या दिवशी एक गंमत करा. काळी ३ ला सा माना आणि फक्त काळ्याच पट्ट्यांवर चढत जा: काळी ३, ४, ५, मग पुढच्या सप्तकाची काळी १ आणि २. सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही, भूप राग हाताखाली आला! एकही चूक करायला जागा नाही. काकड्याला, हरिनाम सप्ताहाला लहानपणापासून बसलेला, औशाचं चक्रीभजन ऐकलेला कान लगेच ओळखतो की हे आपलंच आहे. साठीच्या विद्यार्थ्याची खरी पुंजी हा कान आहे. दहा वर्षांच्या पोराला बोटं असतात, पण चारशे अभंगांच्या चाली पाठ नसतात.

मग आपली पट्टी शोधा. जिथे खालचा पंचम घुसमटत नाही आणि वरचा गंधार ओरडावा लागत नाही, तिथला सा आपला. पुरुषांचा बहुधा काळी १ च्या आसपास, बायकांचा काळी ४-५ च्या. काळी १ वरचे शुद्ध स्वर असे: काळी १, काळी २, पांढरी ४, काळी ३, काळी ४, काळी ५, पुढच्या सप्तकाची पांढरी १ आणि वरचा सा. बोटं: तर्जनी, मधलं, अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका, अंगठा, तर्जनी. अंगठा दोनदाच, दोन्ही वेळा पांढरीवर. अंगठा सरकताना मनगट उचकटू देऊ नका, तो तळहाताखालून गुपचूप जातो. सहा महिने हीच बोटं ठेवा. एकदा चुकीचं बोट बसलं की ते या वयात घरजावयासारखं हलत नाही.

रियाज रोज दोनदा, वीस-वीस मिनिटं. रविवारी सलग दोन तास बसून डावा खांदा तेवढा धरतो. गुडघे दुखत असतील तर खुर्ची आणि ठेंगणं टेबल घ्या, मांडी घालण्याला संगीतात गुण नाहीत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासूनच्या परीक्षा जरूर द्या, पण पहिल्या वर्षी नको. परीक्षेच्या भीतीने आधी भाताच धपापतो.

वाद्य घेताना फसू नका. मी जुनी पेटी घेतली ती पॉलिश बघून. घरी आल्यावर कळलं की ती पट्टी न दाबताच बोलते आणि भाता क्षणात बसतो. म्हणून दुकानातच भाता पूर्ण भरा, हात काढा, कान द्या. हवा फुसफुसत गेली तर चामडं फाटलंय. नंतर एकेक पट्टी दाबून सगळे सूर तपासा. वाजवताना समोरचे, हवा आत सोडणारे सगळे खटके उघडायची गरज नाही, एक-दोन पुरेत. बाकीचे नुसती हवा खातात. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, तेव्हा जोर लावू नका, कोरड्या खोलीत दोन दिवस राहू द्या. चामड्याला उंदीर-झुरळांची आवड असते, हे माझ्या पेटीने सिद्ध केलं आहे.

एक मर्यादा माहीत असू द्या. पेटीत सप्तकाचे बारा भाग सारखे केलेले असतात आणि दोन पट्ट्यांमध्ये घसरता येत नाही, म्हणजे मींड नाही. याच कारणांवरून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवलं होतं. गाणाऱ्याचा गंधार पेटीच्या गंधाराशी तंतोतंत जुळत नाही, तेव्हा तंबोरा खरा मानायचा. लातूरकरांना मिरज आठवते ती २०१६ च्या एप्रिलात, दुष्काळात पाण्याची रेल्वे पाठवणारी. गवयांना ती तंबोरे घडवणारी. आमच्यावर तिचे दोन्ही उपकार. तंबोरा परवडत नसेल तर मोबाइलवरचाही चालतो. ऐकण्यासाठी आपल्याच मराठवाड्याचे, जालन्याकडचे पेटीवादक अप्पा जळगावकर (१९२२-२००९). भीमसेन जोशींबरोबरची त्यांची साथ लावा आणि ते कुठे वाजवत नाहीत ते ऐका.

माझी पहिली साथ गावच्या सप्ताहात झाली. दोन अभंग काळी १ वर नीट गेले. तिसऱ्याला बुवांनी पट्टी वाढवली, "काळी चार द्या, काका!" काळी चारची बोटं मला येत नव्हती. मी काळी ४ चा सा आणि वरच्या काळी २ चा पंचम दाबून धरला आणि अभंग संपेपर्यंत फक्त भाता सांभाळला. उठताना शेजारचा टाळकरी म्हणाला, "तिसरा चांगला झाला."