सॅटबी-१ : पुण्यातलं एक दशक

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळून तो केंद्रकात मावतो. पण या गुंडाळीतलं कुठलं जनुक कधी मोकळं व्हायचं, यात हिस्टोन नसलेल्या प्रथिनांचाही मोठा हात असतो. त्यांतल्या एका प्रथिनाचं काम उलगडण्यात पुण्याचा वाटा आहे आणि तो फारसा कुणाला ठाऊक नाही.

गुडविन आणि जॉन्स यांनी १९७३ साली वासराच्या थायमस ग्रंथीतून ‘एचएमजी’ ही अशीच हिस्टोन नसलेली प्रथिनं वेगळी केली. थायमसमध्येच विपुल असलेलं सॅटबी-१ हाती लागायला १९९२ उजाडलं. ते टेरुमी कोही-शिगेमात्सू यांच्या गटाला सापडलं. हे प्रथिन डीएनएचे ठरावीक भाग धरून त्याचे वेढे बांधतं. २००० साली सॅटबी-१ नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांच्या टी-पेशींची, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची, वाढ अर्ध्यावरच खुंटली.

संजीव गलांडे हे संशोधक कोही-शिगेमात्सू यांच्याच गटात होते. टी-पेशी मरणाला लागली की कॅस्पेज-६ हे विकर सॅटबी-१ तोडतं आणि त्याची डीएनएवरची पकड सुटते, हे त्यांनी २००१मध्ये दाखवलं. मग ते पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात आले.

तिथलं २००५चं काम एचआयव्हीबद्दलचं आहे. एचआयव्हीवरच्या उपचार केंद्रांत रुग्णाच्या ज्या सीडी४ पेशींचा हिशेब ठेवतात, त्या टी-पेशीच. एरवी सॅटबी-१ एचडीएसी-१ या विकराला सोबत घेऊन त्यांतलं इंटरल्युकिन-२चं जनुक दाबून ठेवतं. एचआयव्हीचं टॅट प्रथिन नेमकं या एचडीएसी-१ला हुसकावून लावतं आणि जनुक चालू होतं. विषाणू पेशीला कसा वापरून घेतो, ते इथे रेणूच्या पातळीवर दिसलं.

पुढच्याच वर्षी गलांडे यांच्या गटाने सॅटबी-१ची कळ शोधली. फॉस्फेट जोडलं की ते जनुकं दाबणाऱ्या एचडीएसी-१कडे वळतं. फॉस्फेट निघालं की जनुकं चालू करणाऱ्या पीसीएएफ या विकराकडे. २००७मध्ये कळलं, की प्रतिकारशक्तीशी निगडित एमएचसी जनुकांचे वेढे सॅटबी-१ आणि पीएमएल ही दोन प्रथिनं मिळून बांधतात आणि गॅमा इंटरफेरॉन दिल्यावर ती रचना बदलते.

२०१०मध्ये गलांडे यांना भटनागर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी डिंपल नोटानी आणि सहकाऱ्यांनी सॅटबी-१ बीटा-कॅटेनिन या प्रथिनाला जनुकांपर्यंत आणून ‘टीएच-२’ प्रकारच्या टी-पेशी घडवायला मदत करतं, हे दाखवून दिलं.