मान वळवू न शकणाऱ्या बालकाची श्रवणचाचणी

बालकाला ऐकू येते की नाही, हे घरी आपण त्याच्या हालचालींवरून ओळखतो. हाक मारली की ते मान वळवते. ध्वनिरोधक खोलीतील नेहमीची चाचणीही याच तत्त्वावर चालते. लहान मुलाने आवाजाच्या दिशेने पाहावे, थोड्या मोठ्याने आवाज ऐकताच ठोकळा डब्यात टाकावा, अशी अपेक्षा असते. परंतु सेरेब्रल पाल्सीमुळे ज्याला मान सावरता येत नाही वा हात उचलता येत नाही, त्याने ऐकले तरी ते आपणांस कळत नाही. परिणामी ऐकणारे मूल बहिरे, तर न ऐकणारे मूल मंदबुद्धी ठरण्याचा धोका असतो.

अशा बालकांसाठी हालचालींवर अवलंबून नसलेल्या चाचण्या उपयोगी पडतात. टिम्पॅनोमेट्रीने कानाच्या पडद्यामागे पाणी साचले आहे का, ते समजते. निरोगी अंतःकर्ण स्वतःही अतिसूक्ष्म ध्वनी निर्माण करतो, हे डेव्हिड केंप यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले. 'ओएई' चाचणीत तोच ध्वनी टिपला जातो. 'बेरा' चाचणीत कपाळावर व कानांमागे इलेक्ट्रोड लावून श्रवणमज्जेतून मेंदूकडे जाणारे विद्युत्संदेश नोंदवतात. यांपैकी एकाही चाचणीत सुई टोचावी लागत नाही.

नवजात अवस्थेत तीव्र कावीळ झालेल्या बालकांच्या बाबतीत केवळ 'ओएई'वर विसंबता येत नाही. त्यांचे अंतःकर्ण शाबूत असूनही पुढील मज्जामार्ग बिघडलेला असू शकतो. म्हणून 'बेरा'ही आवश्यक ठरते.

'बेरा'चे संदेश एका मायक्रोव्होल्टहूनही क्षीण असतात. ताठरलेल्या स्नायूंच्या विद्युत्क्रियेत ते बुडून जातात. त्यामुळे बालक शांत झोपलेले असावे लागते. मानेखाली उशी द्यावी, की आईच्या मांडीवर निजवावे, हे आईलाच विचारून ठरवणे उत्तम. झोपेचे औषध द्यावयाचे झाल्यास फिट्स, श्वासाचा त्रास व चालू औषधे यांची माहिती पालकांनी डॉक्टरांना आधीच द्यावी.

यंत्राच्या नोंदीनंतरही निरीक्षण उरतेच. आवाज होताच पापणी लवणे, दूध ओढणे थांबणे, नजर स्थिरावणे हीही उत्तरेच होत. ती घरच्यांना सर्वांत आधी दिसतात. ती लिहून आणावीत, ही विनंती. श्रवणयंत्र बसवल्यावर चाकाच्या खुर्चीची डोकेटेक कानावर दाबली गेल्यास यंत्र शिटी वाजवते. अशा वेळी यंत्र काढून न ठेवता टेक बदलून घ्यावी.

पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान व सहाव्यापर्यंत उपचारांना प्रारंभ, हा सर्वमान्य दंडक आहे. नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या बालकांसाठी तो विशेष महत्त्वाचा. मात्र हा काळ उलटून गेला असला, तरी तपासणी अवश्य करून घ्यावी.

या कामी यंत्रांइतकाच वेळही लागतो. एका बैठकीत मूल झोपले नाही, तर त्याला पुन्हा बोलवावे लागते. देणगीदारांच्या साहाय्यामुळे या दुसऱ्या बैठकीचा भार कुटुंबावर पडू नये, एवढीच आमची इच्छा आहे.