करवत, कुऱ्हाड आणि खेचरांचा काफिला

अमेरिकेच्या मोन्टाना राज्यात, रॉकी पर्वताच्या ज्या रांगा महाद्वीपाचे पाणी पूर्व आणि पश्चिम असे दुभागतात त्यांच्या दोन्ही अंगांस, ‘बॉब मार्शल’ या नावाने ओळखले जाणारे सुमारे दहा लाख एकरांचे अरण्य पसरलेले आहे. आणि त्याला लागून असलेली ग्रेट बेअर व स्केपगोट ही दोन राखीव अरण्ये त्यात मिळविली, तर ज्यात मोटारीचा एकही रस्ता नाही असा पंधरा लाख एकरांचा सलग मुलूख आपल्यासमोर उभा राहतो. या मुलखाच्या मध्यभागी चुनखडीच्या खडकाचा एक उत्तुंग कडा, ज्याला तेथील लोक ‘चायनीज वॉल’ म्हणतात, तो मैलोगणती चालत गेलेला आहे. आणि पश्चिमेस फ्लॅटहेड नदीच्या दक्षिण फाट्याचे निर्मळ पाणी वाहते. या अरण्यात जाण्याचे मार्ग दोनच, एक स्वतःचे पाय आणि दुसरा घोड्याची पाठ. शरद ऋतूत एल्क नावाच्या महाकाय हरणाच्या शिकारीसाठी जे लोक येथे आठ-आठ दिवसांचा मुक्काम टाकतात, ते बहुधा दुसरा मार्ग पत्करतात. परंतु ज्या वाटेने त्यांचे घोडे आणि खेचरे जातात ती वाट दरवर्षी नव्याने मोकळी करावी लागते, आणि ती कोणत्याही यंत्राच्या साहाय्यावाचून मोकळी करावी लागते, ही गोष्ट आपल्याकडील वाचकांना सहसा ठाऊक नसते.

यंत्राची ही बंदी कायद्याची आहे. ३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ज्या अरण्य-कायद्यावर स्वाक्षरी केली, त्याने ९१ लाख एकर भूमी एकदम संरक्षणाखाली आणली. आणि त्याच्या चौथ्या कलमान्वये अशा भूमीत मोटारगाडी, मोटारबोट, विमान उतरविणे, इंजिनावर चालणारे कोणतेही अवजार, इतकेच नव्हे तर सायकलीसारखे यांत्रिक वाहनदेखील वर्ज्य ठरविले. प्रशासनाची किमान गरज आणि जीवितावरील संकट हे त्याचे मुख्य अपवाद. या कायद्याचा मसुदा ज्यांनी वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा लिहिला, त्या हॉवर्ड झानायझर यांना तो संमत झालेला पाहणे लाभले नाही; स्वाक्षरीच्या अवघे चार महिने आधी त्यांचे निधन झाले. ज्यांचे नाव या अरण्यास मिळाले ते बॉब मार्शल तर त्याहूनही अगोदर, १९३९ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी दिवंगत झाले होते. वनखात्यातील हा तरुण अधिकारी दिवसाकाठी तीस-तीस मैल डोंगर तुडवीत असे, आणि मानवाच्या मनःस्वास्थ्यासाठी निर्मनुष्य अरण्याची आवश्यकता आहे हा विचार त्याने आग्रहाने मांडला.

येथे आपल्या वाचकाच्या मनात एक शंका सहजच उद्भवेल, की ज्या भूमीस एवढे संरक्षण, तेथे शिकारीस मुभा कशी? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा गुन्हाच ठरला, आणि आपल्या वनांची तेव्हाची अवस्था पाहता ते योग्यच झाले. अमेरिकेत मात्र शिकार ही परवान्याची, मर्यादित हंगामाची आणि काटेकोर हिशेबाची बाब आहे. १९३७ च्या एका कायद्यान्वये बंदुका आणि काडतुसे यांवर घेतला जाणारा कर वन्यजीवांच्या संवर्धनासाठीच खर्ची पडतो, आणि राष्ट्रीय वनांतील राखीव अरण्यांत राज्याच्या नियमांनुसार शिकार करता येते. हा भेद ध्यानात ठेवला, म्हणजे शिकारी आणि अरण्यरक्षक एकाच करवतीच्या दोन टोकांस कसे दिसतात याचे नवल वाटणार नाही.

आता वाट बुजते कशी, ते पाहू. हिवाळ्यात माणसाच्या उंचीहून अधिक बर्फ साठते, हिमकडे कोसळतात, आणि उतारावरची झाडे मुळासकट वाटेवर आणून टाकतात. वसंतात वितळलेले पाणी वाटेलाच ओढा समजून वाहू लागते आणि माती खरवडून नेते. उन्हाळा लागला की ओलसर घळींतून अल्डरची झुडपे दोन्ही बाजूंनी वाटेवर वाकतात. परंतु या सर्वांहून मोठे कारण म्हणजे वणवा. आगीने झाड मरते, पण त्याच वर्षी ते पडतेच असे नाही. जळालेले लॉजपोल पाइनचे काळे सांगाडे वर्षानुवर्षे उभे राहतात, मुळे कुजत जातात, आणि मग प्रत्येक वादळात त्यांतले काही आडवे होतात, एकावर एक, कात्रीसारखे अडकून. १९८८ च्या कॅन्यन क्रीक वणव्याने स्केपगोट आणि बॉब मार्शल यांतील प्रचंड प्रदेश होरपळून काढला. अशा वणव्याचे देणे वाटा साफ करणाऱ्यांना पुढे कितीतरी वर्षे फेडत बसावे लागते. दोन-तीन वर्षे एखादी वाट तशीच राहिली, तर आडव्या झाडाला वळसा घालण्यासाठी जनावरे उतारावरून नव्या पाऊलवाटा पाडतात, त्या चिखलाने भरतात, मूळ वाट गवताखाली जाते, आणि शेवटी जुन्या वनरक्षकांनी झाडांच्या सालीवर कुऱ्हाडीने कोरलेल्या खुणा, वर एक आखूड आणि खाली एक लांब, एवढ्याच काय त्या मागे उरतात. ज्याची नजर तयार आहे अशा माणसाला त्या खुणांवरून हरवलेली वाट पुन्हा सापडते. आणि ज्या झाडावर ती खूण होती ते झाडच पडले, तर मात्र त्याचाही निरुपाय होतो.

पायी जाणाऱ्याला आडवे झाड ओलांडता येते, काही वेळा त्याखालून सरपटताही येते. ओझ्याच्या खेचराचे तसे नाही. त्याच्या दोन्ही बाजूंस गाठोडी लोंबत असतात, त्यामुळे त्याला माणसाच्या दुपटीहून अधिक रुंदी लागते. आणि स्वाराचे मस्तक जमिनीपासून इतके उंच असते, की पायी चालणाऱ्याला ज्या फांदीची जाणीवही होणार नाही ती त्याच्या डोळ्यांत शिरते. म्हणून जनावरांची वाट साधारणतः आठ फूट रुंद आणि दहा फूट उंच मोकळी असावी असा दंडक आहे. काफिल्यातील खेचरे एकामागे एक बांधलेली असतात. पण तो बांध जाणूनबुजून कच्च्या दोरीचा ठेवलेला असतो, कारण एखादे जनावर कड्यावरून घसरले तर दोरी तुटावी आणि बाकीची वाचावीत. अरुंद, तिरप्या उतारावर असा काफिला आडव्या झाडापाशी अडला, की त्याला ना पुढे जाता येते ना मागे वळता येते; जे अपघात होतात ते बहुधा अशाच ठिकाणी. म्हणून वाट साफ करणारी टोळी मुख्य काफिल्याच्या आधी, आणि शक्यतो हंगामाच्या कित्येक आठवडे आधी, निघते.

या कामाचा एक भाग घोड्यावरूनच होतो. पुढचा स्वार खोगिराला लटकविलेल्या म्यानातून वाकड्या पात्याची हातकरवत काढतो, रिकिबीत उभा राहून डोक्यावरच्या फांद्या छाटीत जातो, आणि त्याच वेळी वाटेची स्थिती हेरीत असतो. पुढे गांधीलमाश्यांचे पोळे असलेला ओंडका आहे काय, पाणी कोठून फुटले आहे, जनावरे बांधण्यास सपाट जागा कोठे मिळेल, हे सर्व त्यालाच पाहावे लागते. यासाठी घोडा थंड डोक्याचा पाहिजे; कानाजवळ करवत चालत असता आणि फांदी मानेवर पडली असता जो बुजत नाही, तोच या कामाचा. मोठा वृक्ष आडवा आला की सगळे उतरतात, जनावरे दूर नेऊन बांधतात, आणि खेचराच्या ओझ्यावर कमानीसारखी वाकवून, दातांवर अग्निशामक दलाच्या जुन्या कॅनव्हासच्या नळीचे आवरण चढवून आणलेली लांब करवत खाली उतरते.

ही दोघांनी ओढावयाची करवत म्हणजे लोहारविद्येचा एक उत्कृष्ट आविष्कार आहे. तिच्या पात्यावर दोन जातींचे दात असतात. काही दात लाकडाचे तंतू दोन्ही कडांनी कापतात, आणि त्यांच्या मधले, किंचित आखूड ठेवलेले दात, कापलेले लाकूड खरवडून बाहेर ओढतात. या दोहोंच्या उंचीतील अंतर कागदाच्या जाडीइतके सूक्ष्म असते, आणि ते साधून धार लावणाऱ्याचा मान मोठा असतो. करवत नीट लागलेली असेल तर चिरेतून भुसा न पडता शेवयांसारखे लांब तंतू बाहेर येतात. ते पाहूनच जाणता मनुष्य तिची पारख करतो. करवतीचा पहिला नियम असा, की ती ओढावी, ढकलू नये. समोरच्याच्या पाळीत आपण हात केवळ सैल सोडून द्यावयाचा, कारण ढकलल्यास पाते वाकते आणि जोडीदाराच्या दंडावर दुप्पट भार पडतो. दोघांचा श्वास एका लयीत येईपर्यंत करवत चालत नाही.

तथापि खरे कौशल्य कापण्याआधीचे आहे. पडलेले झाड निजलेले दिसले तरी ते निश्चल नसते. दोन टोकांवर टेकलेला ओंडका मध्ये झुकलेला असतो, त्यामुळे त्याच्या वरच्या बाजूचे तंतू दाबलेले आणि खालचे ताणलेले असतात. वरून करवत घातली तर चीर मिटते आणि पाते आत चिमटून बसते. म्हणून चिरेत पाचरी ठोकाव्या लागतात, किंवा करवत उलटी धरून खालून वर कापावे लागते. ओंडका एका बाजूस ताणलेला असेल तर तुटताक्षणी तो झटक्याने उसळतो आणि मनुष्याचा पाय मोडू शकतो. म्हणून उताराच्या वरच्या अंगाला उभे राहावे, मागे सरण्यास वाट मोकळी ठेवावी, आणि मगच शेवटची चीर घ्यावी. राळ पात्याला चिकटू नये म्हणून घासलेटाचे थेंब शिंपडतात. अमेरिकन वनखात्याने १९७७ मध्ये वॉरन मिलर यांची या करवतीवरील पुस्तिका छापली. यंत्रयुगात लुप्त होऊ घातलेले हे ज्ञान त्या लहानशा पुस्तिकेने राखले, हे उपकार थोडे नव्हेत.

ओंडका दूर झाला तरी काम संपत नाही. पाण्याने खणलेल्या जागी तिरपे लाकूड पुरून पाणी वाटेबाहेर वळवावे लागते, आणि त्यासाठी ‘पुलास्की’ हे एका अंगास कुऱ्हाड व दुसऱ्या अंगास कुदळ असलेले अवजार हाती घेतात. १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि मोन्टाना येथील सुमारे तीस लाख एकर वन दोन दिवसांत भस्मसात झाले. त्या अग्निप्रलयात आपल्या हाताखालच्या बहुतेक माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन ज्याने वाचविले, त्या एड पुलास्की या वनरक्षकाचे नाव या अवजाराने धारण केले आहे. पुढे वणव्याशी लढणाऱ्यांना खेचरांकरवी रसद पोचविण्यासाठी वनखात्याने मिझूला शहराच्या पश्चिमेस १९३० मध्ये ‘नाइनमाइल’ येथे एक मोठी पागा उभारली. ती आजही आहे, आणि ओझी बांधण्याची विद्या तेथे शिकविली जाते. ही विद्या सोपी नाही. प्रत्येक जिन्नस कॅनव्हासच्या चौकोनात गुंडाळून गाठोडे करावयाचे, दोन्ही बाजूंची गाठोडी काट्यावर तोलून समभार करावयाची, आणि मग डेकर जातीच्या खोगिराच्या लोखंडी कड्यांना ती अशी बांधावयाची, की दिवसभराच्या चढ-उतारात तंग सरकू नये आणि पाठीला जखम होऊ नये. एका खेचरावर साधारण दीडशे पौंड ओझे घालतात. त्यांच्या चंदीचीही तजवीज बरोबरच करावी लागते, आणि परक्या तणांचे बी अरण्यात रुजू नये म्हणून तणमुक्त असल्याचे प्रमाणित केलेलेच गवत नेण्याची सक्ती आहे. ग्रिझली अस्वलांचा हा प्रदेश असल्यामुळे रात्री अन्न जमिनीपासून दहा फूट उंच टांगतात.

एवढा खटाटोप शिकाऱ्याने का करावा, याचे उत्तर एल्कच्या देहात आहे. पूर्ण वाढलेला नर सुमारे तीनशे किलो वजनाचा असतो. हाडे काढून टाकली तरी त्याचे मांस दोन खेचरांचा भार होते. बॉब मार्शलच्या अंतर्भागात बंदुकीचा हंगाम राज्यातील सर्वसाधारण हंगामाच्या कितीतरी आधी, सप्टेंबरच्या मध्यास उघडतो, आणि त्या दिवसांत दुपारची उष्णता मांस नासवण्याइतकी असू शकते. शिकार केलेल्या प्राण्याचे खाण्याजोगे मांस वाया घालविणे हा तेथे गुन्हा आहे. तेव्हा वाट बंद असता शिकार करणे म्हणजे एका प्राण्याचा जीव व्यर्थ घेणे होय. आणि ज्याला सप्टेंबरात बंदूक उचलावयाची आहे त्याने जुलैत करवत उचलली पाहिजे, ही जबाबदारी मला शिकारीच्या परवान्याइतकीच आवश्यक वाटते.

सरकारी यंत्रणा या कामाला पुरी पडत नाही. अमेरिकन वनखात्याच्या ताब्यात दीड लाखाहून अधिक मैलांच्या वाटा आहेत, आणि २०१३ मध्ये तेथील सरकारी लेखापरीक्षकांनी जो अहवाल दिला त्यानुसार त्यांपैकी जेमतेम एक चतुर्थांश वाटाच खात्याच्या स्वतःच्या दंडकास उतरत होत्या. २०१६ मध्ये स्वयंसेवकांचा सहभाग वाढविण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. घोडेस्वारांनी मात्र सरकारची वाट पाहिली नव्हती; याच मोन्टानातील फ्लॅटहेड खोऱ्यात १९७३ मध्ये ‘बॅक कंट्री हॉर्समेन’ ही संस्था स्थापन झाली, आणि आज तिच्या शाखा अनेक राज्यांत आपली जनावरे, आपला दाणागोटा आणि आपले श्रम खर्चून वाटा साफ करीत असतात.

यंत्रकरवतीला मुभा द्यावी, अशी मागणी अधूनमधून उठते. २०१९ मध्ये कोलोरॅडोतील वेमिन्युच अरण्यात किड्यांनी मारलेल्या असंख्य वृक्षांनी वाटा बुजल्या, तेव्हा वनखात्याने एका हंगामापुरती तशी मंजुरी दिलीही. परंतु प्रकरण न्यायालयात जाताच तो हुकूम मागे घेण्यात आला. मागणी करणारे लोक अरण्याचे वैरी नव्हेत, आणि वर्षानुवर्षे बंद पडलेली वाट पाहून होणारा त्यांचा संताप मला समजतो. तरीही माझे मत हातकरवतीच्या बाजूचे आहे. ती शांतता राखते एवढ्यासाठीच नव्हे. ही विद्या केवळ वापराने जिवंत राहते, आणि एका हंगामाची सूट दहा हंगामांचा शिरस्ता होण्यास वेळ लागत नाही. वाटा बुजतात त्या माणसे आणि पैसा कमी पडल्यामुळे, आणि उपाय तेथेच झाला पाहिजे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि रॉकी पर्वताच्या आसमंतात आता पुष्कळ मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत, आणि सुट्टीत राष्ट्रीय वनांतून भटकणे हा त्यांच्यापैकी अनेकांचा आवडता छंद आहे. त्यांना माझे एक सांगणे आहे. मोठी करवत चालविण्यास वनखात्याचे प्रमाणपत्र लागते. पण प्रमाणित माणसाच्या देखरेखीखाली दुसरी मूठ धरण्यास, झुडपे छाटण्यास, कापलेला ओंडका वाटेबाहेर लोटण्यास शिकाऊ स्वयंसेवक घेतात, आणि त्यासाठी घोडा असावा लागत नाही, शिकारी असण्याचीही अट नाही. येत्या उन्हाळ्यात आपल्या नजीकच्या वनकचेरीत जाऊन चौकशी करावी आणि एक आठवडा या कामाला द्यावा.