लाल फुलीचे कोडे

द्वितीय वर्ष, कला

“सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” हे वाक्य जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात ज्याने ऐकलेले नाही असा माणूस सापडणे कठीण. सात-बारा हवा असो, दाखला हवा असो किंवा पतसंस्थेतल्या खात्याचा उतारा हवा असो, खिडकीपलीकडून हेच उत्तर येते. ऐकणारा एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी बुडवून घरी परततो. गंमत अशी की, उत्तर देणाऱ्यालाही त्याहून अधिक काही ठाऊक असतेच असे नाही.

वास्तविक या वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा २०१८ पासून मिळू लागला. त्याची माहिती साठवणारे संगणक दूर कुठेतरी आहेत. ते बंद पडले तर ओझरच्या खिडकीत बसलेल्या माणसाला वाट पाहण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरा प्रकार मात्र त्याच खोलीतला असतो. कचेरीत चार-पाच संगणक असतात, त्यांपैकी एकावर सगळ्यांच्या कामाच्या फाइली ठेवलेल्या असतात आणि बाकीचे संगणक तारेने त्याच्याशी जोडलेले असतात. ही जोडणी तुटते, तेव्हा दोष दहा-वीस पावलांच्या आत असतो. प्रस्तुत लेख या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे. सुट्टीत मी एका लहान कचेरीत नोंदी टंकण्याचे काम करते, त्यामुळे हा विषय मला जवळचा वाटतो. शिवाय आपणा कला शाखेच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांची पहिली नोकरी अशाच टेबलावर सुरू होणार आहे.

कचेरीतले कपाट एकच, पण त्याचे दार प्रत्येक टेबलाशी उघडते अशी कल्पना करावी. संगणकाच्या स्वतःच्या साठ्याला सी, डी अशी अक्षरे असतात. दुसऱ्या संगणकावरच्या कपाटालाही असेच एक अक्षर देता येते, बहुधा झेड. म्हणून लोक त्याला ‘झेड ड्राइव्ह’ म्हणतात. त्या झेडवर एखाद्या सकाळी लाल फुली दिसते आणि घबराट उडते.

आता पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. लाल फुली म्हणजे प्रत्येक वेळी बिघाड नव्हे. विंडोजच्या मुख्य संगणकाला एक सवय लावून दिलेली असते. एखाद्या टेबलाने १५ मिनिटे काहीच मागितले नाही, तर तो त्या टेबलाशी असलेली जोडणी आपणहून सोडून देतो. उगाच दोर धरून बसायचे नाही, एवढाच त्यामागचा हेतू. चहा पिऊन परत यावे तर फुली हजर! अशा वेळी झेडवर दोनदा टिचकी मारली की क्षणभरात दार उघडते आणि फुली निघून जाते. अडचण येते ती जुन्या हिशेबाच्या प्रोग्रामांची. त्यांतल्या काहींना पुन्हा दार ठोठावण्याची अक्कल नसते. ते थेट ‘फाइल सापडत नाही’ असे सांगून मोकळे होतात. ही १५ मिनिटांची मर्यादा मुख्य संगणकावर वाढवता येते किंवा काढूनही टाकता येते. जाणकाराकडून एकदा ते करून घ्यावे.

सकाळी संगणक लावताच येणारी फुलीही बहुधा निरुपद्रवी असते. नेटवर्क जागे होण्याआधीच संगणक झेड शोधू लागतो, आणि तो न सापडल्यामुळे ‘सर्व ड्राइव्ह जोडता आले नाहीत’ अशा अर्थाची सूचना देतो. मिनिटभर थांबून झेड उघडून पाहावा.

एवढे करूनही दार उघडले नाही, तर मग शोध घ्यायचा. त्याची रीत आपल्याला नवी नाही. कुकडीचे आवर्तन सुटले आणि रानात पाणी पोहोचले नाही, तर कोणी शहाणा शेतकरी ‘येडगाव धरण आटले’ असे म्हणत नाही. तो शेजाऱ्याला विचारतो, “तुमच्याकडं आलंय का?” मग चारीच्या कडेने वर वर चालत जातो. इथेही तेच करावे. शेजारच्या टेबलावर झेड चालत असेल, तर दोष आपल्या संगणकात किंवा आपल्या तारेत आहे. कुणाचाच चालत नसेल, तर दोष मुख्य संगणकात किंवा सगळ्या तारा जिथे एकत्र येतात त्या स्विच नावाच्या डबीत आहे. हा एक प्रश्न विचारला की निम्मे काम झाले.

तारेकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. शेजारीच खोडदला महाकाय दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत, आणि त्या सगळ्या काचतंतूंच्या केबलने मध्यवर्ती इमारतीशी जोडलेल्या आहेत. आमच्या कचेऱ्यांत पाच मीटरची तार खुर्चीच्या चाकाखाली येते, तिच्या टोकाची प्लॅस्टिकची क्लिप मोडलेली असते, आणि झाडू लागला की जोडणी जाते. तार जिथे खोचतात तिथे बारीक दिवा असतो. तो विझलेला असेल, तर बाकी काही तपासण्यात अर्थ नाही.

दिवा लागलेला असेल, तर मुख्य संगणक झोपला आहे काय ते पाहावे. लहान कचेरीत घरगुती संगणकालाच मुख्य करतात, आणि वीज वाचवण्यासाठी तो काही वेळाने निद्रिस्त होतो. त्याची ही झोप कायमची बंद करणे हा मला दिसलेला सर्वांत स्वस्त उपाय. वीज जाऊन आल्यावरही हाच घोटाळा होतो: टेबलांवरचे संगणक लागतात, पण मुख्य संगणक तसाच बंद राहतो.

पुढची पायरी पत्त्याची. प्रत्येक संगणकाला एक अंकी पत्ता असतो आणि राउटर बंद करून लावल्यावर तो बदलू शकतो. घर तेच, पण दारावरचा क्रमांक निराळा. मग पोस्टमनने काय करावे? ‘पिंग’ ही आज्ञा जुन्या पत्त्यावर हाक मारून उत्तर येते का ते सांगते. मुख्य संगणकाचा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवता येतो.

हाकेला उत्तर येते, पण दार उघडत नाही, असे झाले तर प्रश्न परवानगीचा. मुख्य संगणकाचा पासवर्ड कुणी बदलला असेल, तर आपला संगणक जुनाच सांगत राहतो. साठवलेला जुना पासवर्ड काढून नवा द्यावा. विंडोज नव्याने अद्ययावत झाल्यावर जोडणी गेली असेल, तर कारण आणखी वेगळे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभरचे संगणक कुलूपबंद केले. फाइली वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीतील एका छिद्रातून तो पसरला होता. त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये ती जुनी पद्धत आपोआप बसवली जात नाही, आणि विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीने बिनपासवर्डाच्या पाहुण्यांनाही बहुतेक ठिकाणी दार बंद केले. दुरुस्तीला आलेला माणूस जुनी पद्धत चालू करून दोन मिनिटांत झेड दाखवून देतो खरा. पण तो चोरदरवाजाच उघडून जात असतो. मुख्य संगणक नवा करणे किंवा पासवर्ड लावणे महाग वाटले तरी तेच करावे.

या सगळ्याहून मला भय वाटते ते जोडणी तुटलेल्या अर्ध्या तासाचे. समोर रांग असते, साहेब ओरडत असतात, “तूच काहीतरी दाबलं असशील” असे नव्या मुलीलाच ऐकावे लागते. मग ती कालची फाइल पेनड्राइव्हवरून आणून आपल्या संगणकावर उघडते आणि त्यातच नोंदी करते. झेड परत येतो, शेजारचा त्यावर लिहू लागतो, आणि एकाच कर्जखात्याच्या दोन वह्या चालू होतात. एकीत भरलेला हप्ता दुसरीत नसतो. महिन्याने ज्याला नोटीस येते त्याने पैसे भरलेले असतात आणि त्याच्या हातात पावतीही असते. म्हणून झेड नसताना आलेल्या नोंदी कागदावर घ्याव्यात, त्यावर वेळ आणि सही असावी, आणि जोडणी आल्यावर एकाच माणसाने त्या चढवाव्यात. त्याच कागदाच्या कोपऱ्यात फुली किती वाजता आली, कोणकोणत्या टेबलांवर आली आणि तेव्हा वीज गेली होती का, एवढे लिहून ठेवले, तर दुरुस्ती करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी आधी कुठे पाहायचे ते कळते.